फुटलेला घडा, नोंद क्रमांक १

१९२२ साली न्यू मेक्सिकोतल्या सँटा फे शहरात एका घरी काही मंडळी जेवायला जमली होती. कुणी लेखक, कुणी चित्रकार, कुणी पुरातत्त्वाचा नाद असलेले. त्या घरात झुनी गावचा एक रंगवलेला मातीचा घडा होता. त्या संध्याकाळी तो चुकून फुटला. हळहळ झाली आणि त्या हळहळीतूनच बोलणं निघालं. असे घडे आता गावांत मिळेनासे झालेत, जे आहेत ते प्रवासी विकत घेऊन जातात, उरलेले असेच एकेक करून संपतील. जुनी प्वेब्लो भांडी, म्हणजे झुनीसारख्या मूळ अमेरिकन रहिवाशांच्या गावांतली भांडी, विकत घेऊन एका जागी जपून ठेवायची, असं तिथे जमलेल्यांनी मनावर घेतलं. त्यासाठी उभारलेल्या निधीचं नाव होतं ‘प्वेब्लो पॉटरी फंड’. १९२५ मध्ये तोच ‘इंडियन आर्ट्स फंड’ झाला. फुटलेला घडा सांधला गेला आणि संग्रहाच्या नोंदवहीत त्याला क्रमांक मिळाला १.

हाच घडा झुनीतल्या एखाद्या घरात फुटला असता तर? तिथे त्याच्या खापऱ्या वाया गेल्या नसत्या. झुनीची कुंभारीण जुन्या खापऱ्या पाट्यावर दळते आणि ती भुकटी नव्या मातीत मिसळते. नुसत्या चिकण मातीचं भांडं वाळताना आकसतं, भाजताना तडकतं. आधीच भाजून निघालेल्या खापरीची भुकटी घातली की माती सावरते. म्हणजे फुटलेला घडा पुढच्या घड्याच्या अंगात जातो. तो पुढचा घडा फुटला की त्याच्या पुढच्याच्या. एका घड्यात किती पिढ्यांचे घडे असतील ते मोजता येणार नाही.

सँटा फेमध्ये ही साखळी एका ठिकाणी थांबली. ते थांबवणं योग्य होतं की नव्हतं, हा या प्रकरणाचा विषय आहे. मला त्याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, पण आधी हा घडा होता कशासाठी ते नीट पाहायला हवं.

डोक्यावरचं पाणी

प्वेब्लो म्हणजे स्पॅनिश भाषेत गाव. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला दगड-मातीची, एकावर एक मजले चढवलेली घरं बांधून शेकडो वर्षं शेती करणाऱ्या लोकांना स्पॅनिश लोकांनी हे नाव दिलं. न्यू मेक्सिकोत अशी १९ गावं आहेत, ॲरिझोनात होपी आहेत, टेक्सासमध्ये एक वस्ती आहे. झुनी हे त्यांतलं एक मोठं गाव. समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटर उंचीवर, कोरड्या हवेचं. नळ येण्याआधी नदी, झरा किंवा विहीर यांवरून पाणी आणायचं काम बायकांचं होतं, आणि पाणी डोक्यावरून यायचं.

झुनी आणि अकोमा या दोन गावांच्या घड्यांची रचना पाहिली की ते डोक्यासाठीच घडवलेत हे कळतं. बूड सपाट नसतं, गोलही नसतं, ते आत दबलेलं असतं. घडा उलटा केला तर बुडाशी एक उथळ वाटी दिसते. त्या वाटीत डोक्याचा माथा बसतो. डोकं आणि घडा यांच्यामध्ये युक्का या रानझुडपाच्या पानांचं विणलेलं कडं ठेवतात. आपल्याकडची चुंबळच ती, फक्त आपली फडक्याची किंवा लुगड्याच्या पदराची आणि त्यांची पानांची. ही दबलेली बुडं साधारण १७०० च्या सुमारापासून दिसू लागतात. त्याआधीच्या भांड्यांची बुडं बाहेर फुगलेली असत.

घड्याचा सगळ्यात रुंद भाग खांद्याशी असतो आणि वर आखूड गळा. चालताना पाणी हिंदकळलं तरी खांद्याच्या आतल्या उतारावर आपटून परत खाली येतं. गळ्यातून हात आणि भोपळ्याचा डवला आत जाईल एवढी जागा ठेवलेली असते. भिंत पातळ असते. अकोमाची तर इतकी पातळ की हातात घेतल्यावर रिकाम्या घड्याच्या हलकेपणाचं आश्चर्य वाटतं. ही पातळ भिंत हौसेची नव्हे. अकोमाचं जुनं गाव सुमारे ११० मीटर उंच कड्यावर वसलंय. कातळातल्या नैसर्गिक टाक्यांत साठलेलं पावसाचं पाणी असो की खालून आणलेलं, भांड्याचं वजन जितकं कमी तितकं पाणी जास्त. साधारण २५ ते ३० सेंटीमीटर उंचीच्या घड्यात आठ-दहा लिटर पाणी सहज मावतं. म्हणजे मानेवर तेवढे किलो, शिवाय घडा.

भाजणी कमी आचेची, वर काचेसारखा लेप नाही, त्यामुळे भिंत किंचित पाझरते आणि कोरड्या हवेत पाणी गार राहतं. माठ वापरणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पण या पाझरण्याची किंमतही घड्यालाच मोजावी लागते. पाण्यातले क्षार भिंतीतून बाहेर येताना लेपाखाली साचतात, त्यांचे स्फटिक फुगतात आणि रंगाचे पापुद्रे उडतात. संग्रहालयात जुना घडा पाहताना बुडाकडचा झिजलेला काठ, आतली पांढुरकी रेघ, खालच्या अंगाचे उडालेले टवके यांकडे मी आधी पाहते. तो दोष म्हणून नव्हे. त्या घड्याने खरंच पाणी वाहिलंय याची खूण ती.

माती आणताना बोलायचं नाही

झुनी लोक घडा कसा करत, याची सगळ्यात जिवंत नोंद मानववंशशास्त्रज्ञ मॅटिल्डा कॉक्स स्टीव्हन्सन यांनी लिहून ठेवली आहे. १८७९ मध्ये नवऱ्याबरोबर त्या पहिल्यांदा झुनीला आल्या आणि पुढे अनेक वर्षं येत राहिल्या. गावातल्या वेव्हा यांच्याशी त्यांची मैत्री झाली. वेव्हा पुरुषदेहात जन्मलेल्या आणि स्त्रियांचा वेश, स्त्रियांची कामं करणाऱ्या होत्या. अशा व्यक्तीला झुनीत ल्हामाना म्हणत आणि तिला गावात मान होता. उत्तम कुंभार आणि उत्तम विणकर म्हणून वेव्हांचं नाव होतं. १८८६ मध्ये त्या वॉशिंग्टनला गेल्या आणि राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांना भेटल्या.

एकदा स्टीव्हन्सन त्यांच्याबरोबर माती आणायला गेल्या. झुनीच्या आग्नेयेला दोवा यलान्ने नावाचा मोठा पठारी डोंगर आहे, मक्याचा डोंगर. वाटेत दगडांची रास लागली. वेव्हांनी एक खडा उचलला, त्यावर थुंकल्या, डोक्याभोवती फिरवला आणि खांद्यावरून त्या राशीवर टाकला. उतरताना जड ओझ्याने अंगातलं बळ जाऊ नये म्हणून. मग डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या मातृशिळेपाशी आपल्या पांघरुणाचा लहानसा तुकडा फाडून वाहिला. मातीची जागा जवळ आली तेव्हा स्टीव्हन्सन यांच्या नवऱ्याला मागेच थांबायला सांगितलं, कारण पुरुष तिथे जात नसत. आणखी थोडं पुढे गेल्यावर स्टीव्हन्सनबाईंना सांगितलं की आता अगदी गप्प राहा. बोललो तर माझी भांडी भाजताना तडकतील, आणि मी सतत प्रार्थना केली नाही तर माती मला दिसणारच नाही.

मग कुदळ चालली, तोंडाने धरणीमातेची प्रार्थना चालली. खणलेल्या मातीतली दहापैकी नऊ भाग माती त्यांनी टाकून दिली. प्रत्येक ढेकूळ बोटांत चुरून पाहिलं. निवडलेली साधारण ६८ किलो माती पांघरुणात बांधली, पांघरुणाची टोकं कपाळाशी बांधून ओझं पाठीवर घेतलं आणि त्या उभ्या उतारावरून खाली आल्या.

हे वाचताना मी दर वेळी दहापैकी नऊवर अडखळते. घडा घडवण्यातलं कौशल्य बोटांत असतं असं आपण म्हणतो, पण त्याची सुरुवात नाकारण्यात आहे.

पुढचं काम चाकाशिवायचं. बुडाला उथळ भांड्याचा आधार, त्यावर मातीच्या वळ्यांचे वेढे, भोपळ्याच्या तुकड्याने खरवडून भिंत पातळ करणं, पांढऱ्या मातीचा लेप, गुळगुळीत दगडाने घोटणं. रंग खनिजांचे, काळ्यासाठी त्यांत एका रानवनस्पतीचा उकळून आटवलेला रस. कुंचला म्हणजे टोकाशी चावून मऊ केलेलं युक्काचं पान. भाजणी उघड्यावर, मेंढ्यांच्या सुकलेल्या लेंड्यांच्या थरांत.

झुनीच्या घड्यावर मोठी चक्राकार फुलं येतात, पक्षी येतात, आणि हरीण येतं. त्या हरणाच्या तोंडापासून आत काळजापर्यंत एक लाल बाणासारखी रेघ जाते. श्वासाची वाट ती. गळ्याशी घड्याभोवती फिरणारी एक रेघ असते आणि ती पूर्ण जुळवत नाहीत. एका ठिकाणी बोटभर जागा मोकळी ठेवतात.

या मोकळ्या जागेचं कारण फ्रँक हॅमिल्टन कुशिंग या मानववंशशास्त्रज्ञाने नोंदवलं. तो १८७९ मध्ये बावीस वर्षांचा असताना झुनीला आला आणि जवळजवळ पाच वर्षं तिथेच राहिला. त्याने ऐकलेलं असं. रंगवून पूर्ण झालेला घडा म्हणजे घडलेला एक जीव. भाजायला ठेवताना त्याच्याजवळ अन्न ठेवतात. घड्यावर टिचकी मारली की जो नाद येतो तो त्याचा आवाज. घडा घोटताना, रंगवताना कुणी गायचं नाही, शीळ घालायची नाही, कारण आतला जीव त्या आवाजाची नक्कल करायला धडपडेल आणि बाहेर पडताना भांडं फोडेल. रेघेतली मोकळी जागा त्या जिवाची बाहेर जायची वाट. आणि घडा फुटताना जो खणकन आवाज होतो, तो त्या जिवाचा जाताना निघालेला ओरडा. फुटलेला घडा पुन्हा पूर्वीसारखा वाजत नाही, हाच तो गेल्याचा पुरावा.

आता १९२२ ची ती संध्याकाळ पुन्हा डोळ्यांसमोर आणा. जेवणाच्या खोलीत तो आवाज सगळ्यांनी ऐकला असणार.

पाणवठ्यावरून दिवाणखान्यात

झुनीचा घडा सँटा फेच्या घरात पोचला कसा, हेही प्रकरणाचाच भाग आहे. १८७९ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेशी जोडलेल्या मानववंशशास्त्राच्या नव्या खात्याने पहिली मोहीम पाठवली. तिचा प्रमुख जेम्स स्टीव्हन्सन. बरोबर मॅटिल्डा, कुशिंग आणि छायाचित्रकार जॉन हिलर्स. पुढच्या काही वर्षांत झुनी आणि आसपासच्या गावांतून हजारो वस्तू गाड्यांत भरून पूर्वेकडे गेल्या. त्यांत पाण्याचे घडे भरपूर. बदल्यात कापड आणि इतर व्यापारी माल दिला गेला.

एप्रिल १८८० मध्ये रेल्वे अल्बुकर्कला पोचली आणि खरी उलथापालथ तिने केली. पत्र्याची आणि मुलामा दिलेली भांडी स्वस्तात गावोगाव आली. बादली पडली तर पोचा येतो, फुटत नाही. दिवसातून दोन-तीन वेळा पाण्याला जाणाऱ्या बाईने बादली उचलली यात मला तिचा काडीचाही दोष दिसत नाही. परंपरा बुडाली म्हणून उसासे टाकणाऱ्यांनी एकदा ते आठ-दहा लिटर डोक्यावर घेऊन चढ चढून पाहावा.

त्याच रेल्वेतून प्रवासी आले. लगूना, इस्लेटा या प्वेब्लो गावांतल्या बायका गाडी थांबली की भांडी घेऊन फलाटावर उभ्या राहू लागल्या. प्रवाशाला पाणी वाहायचं नव्हतं, त्याला ते ट्रंकेत मावायला हवं होतं. भांडी लहान झाली. बुडाची वाटी उरली, पण तिच्यात बसायला डोकं नव्हतं. १९०२ मध्ये रेल्वेमार्गावर उपाहारगृहं चालवणाऱ्या फ्रेड हार्वी कंपनीने अल्बुकर्कच्या स्थानकाशेजारी मोठं विक्रीदालनच उघडलं. जुने, मोठे, वापरून झिजलेले घडे घराघरांतून बाहेर निघाले आणि जाणकारांच्या दिवाणखान्यांत गेले. त्यांतलाच एक त्या जेवणाच्या घरी होता.

१९२४ मध्ये रूथ बन्झेल ही तरुण अभ्यासक झुनीला गेली, कुंभारणींजवळ बसून शिकली. तेव्हा भांडी करणाऱ्या बायका गावात मोजक्याच उरल्या होत्या. म्हणजे १९२२ च्या त्या मंडळींना वाटलेली भीती खोटी नव्हती.

निर्णय

निधी उभारणाऱ्यांत पुढे असलेली दोन नावं महत्त्वाची. केनेथ चॅपमन चित्रकार होते आणि प्वेब्लो नक्षीची नक्कल करून ठेवण्यात त्यांनी आयुष्याची कित्येक वर्षं घातली. हॅरी मेरा हे डॉक्टर होते आणि पुरातत्त्वाचा त्यांचा अभ्यास गाढ होता. न्यू मेक्सिको राज्याचा पिवळा झेंडा, मधोमध लाल सूर्य असलेला, तो मेरांनीच काढलेला. तो सूर्य त्यांनी झिया गावच्या एका जुन्या भांड्यावरून घेतला. १९२५ मध्ये झेंडा राज्याचा झाला. चिन्ह झियाचं, ते वापरायला झियाला कुणी विचारलं नव्हतं. पुढे झियाच्या लोकांनी ही तक्रार राज्याच्या विधिमंडळापुढे मांडली. मला हा तपशील पहिल्या क्रमांकाच्या घड्याइतकाच बोलका वाटतो. तीच माणसं, तीच वर्षं, तेच प्रेम, आणि विचारायचं राहून गेलं तेही तेच.

त्यांच्यापुढे तीन वाटा होत्या. घडे जिथे आहेत तिथे राहू द्यायचे आणि बाजार काय करतो ते पाहायचं. जुने घडे विकत घेऊन सँटा फेमध्ये एकत्र ठेवायचे. किंवा पैसा जुन्या घड्यांवर न घालता हयात कुंभारणींना चांगला भाव देण्यावर घालायचा. त्यांनी मुख्यतः दुसरी वाट धरली, तिसरीचा काही अंश तिच्यात मिसळला. कुंभारणींनी येऊन जुनी नक्षी पाहावी, अभ्यासावी, हा हेतू सुरुवातीपासून होता.

पहिली वाट धरली असती तर घडे पूर्वेकडच्या शहरांत आणि युरोपात विखुरले असते, हे नक्की. विकत घेण्याची घाई म्हणूनच मला समर्थनीय वाटते. संग्रह आधी सँटा फेतल्याच एका संग्रहालयाच्या तळघरात, मग रॉकफेलर यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या आणि १९३१ मध्ये उघडलेल्या मानववंशशास्त्राच्या प्रयोगशाळेत राहिला. १९७२ मध्ये निधी विसर्जित झाला आणि सगळं सँटा फेच्या स्कूल ऑफ अमेरिकन रिसर्चकडे गेलं. १९७८ पासून तिथे त्यासाठी वेगळी इमारत आहे. आज त्या संग्रहात १२,००० हून अधिक वस्तू आहेत आणि पहिली नोंद अजूनही तोच फुटका घडा.

राहून गेलेलं

त्या नोंदींत गाव आहे, काळ आहे, माप आहे. जुन्या घड्यांपैकी बहुतेकांच्या पुढे बाईचं नाव नाही. हे नाव मिळवणं कठीण होतं असं म्हणता येणार नाही. अनेक घडे ज्या घरांतून विकत घेतले त्या घरांत ते कुणाच्या आजीने केले हे ठाऊक असणारच. विचारलं गेलं नाही. घडा ‘झुनीचा’ झाला आणि तेवढ्यावर भागलं. दहापैकी नऊ भाग माती टाकून देणाऱ्या हाताला नाव नाही, याची मला मनापासून चीड येते.

दुसरी गोष्ट अंतराची. झुनी ते सँटा फे तीनशे किलोमीटरहून जास्त. कुंभारणींना पाहता यावं हा हेतू कागदावर चांगला, पण १९३० मध्ये मेंढ्या, शेत आणि लेकरं सोडून एखादी बाई स्वतःच्याच आजीचा घडा बघायला एवढ्या लांब कशी जाणार? ज्यांच्यासाठी जपलं त्यांच्यापासूनच ते सगळ्यात दूर राहिलं.

पाण्याबद्दलही काही करता आलं नाही, आणि इथे मी निधीला दोष देत नाही. सांधलेल्या घड्यात पाणी भरलं तर सांधे सुटतील, क्षार पुन्हा वर येतील. जपायचं तर कोरडं ठेवायला हवं.

पुढे झालेलं

झुनीत कुंभारकाम पार थांबलं नाही. गावच्या शाळेत नाम्पेयो या होपी-टेवा कुंभारणीची नात डेझी हुई यांनी मुलांना शिकवलं, त्यांच्यानंतर अकोमात जन्मलेल्या जेनी लाते यांनी. त्या वर्गांतून कुंभारांची एक पिढी तयार झाली. जोसेफिन नाहोहाई आणि त्यांच्या मुलांनी १९८० च्या दशकात स्मिथसोनियनमध्ये जाऊन शंभर वर्षांपूर्वी गावातून गेलेले घडे पाहिले, आणि ती नक्षी पुन्हा झुनीच्या मातीवर आली. संग्रहाचा मूळ हेतू इथे खरा झाला, फक्त साठ वर्षं उशिरा आणि कुंभारांनी स्वतः प्रवास केल्यावर. १९९२ मध्ये झुनीने गावातच स्वतःचं संग्रहालय सुरू केलं.

२०२२ मध्ये, निधीला शंभर वर्षं झाली तेव्हा, सँटा फेमध्ये या संग्रहातल्या भांड्यांचं प्रदर्शन भरलं. पुढच्या वर्षी ते न्यूयॉर्कला गेलं. त्यातली भांडी २१ प्वेब्लो समाजांतल्या साठहून अधिक लोकांनी निवडली आणि प्रत्येक भांड्याजवळचा मजकूर त्यांनीच लिहिला. कालखंड आणि शैली यांच्या जागी आजीचं घर, पाण्याची चव, ओल्या मातीचा वास आला. १९२२ च्या जेवणाला जी माणसं बोलावलेली नव्हती, त्यांची नातवंडं-पतवंडं शंभर वर्षांनी त्या भांड्यांजवळ बसून बोलली.

आणि झुनीत बायकांचा एक जथा आहे, न्यू मेक्सिकोत सगळे त्यांना ‘ओया मेडन्स’ म्हणून ओळखतात. ओया हा घड्याचा स्पॅनिश शब्द. उत्सवात, जवळच्या गॅलप शहराच्या मोठ्या मेळ्यात त्या रांगेने येतात. गाणं त्यांचंच, ताल त्यांचाच. प्रत्येकीच्या डोक्यावर रंगवलेला घडा असतो, दोन्ही हात मोकळे असतात, आणि दबलेलं बूड डोक्यावर जागच्या जागी बसलेलं असतं.